पावसाळा कुठे गेला? सातपुड्यातले तंबू आणि आपला डेटा

परतवाड्याहून घाट चढायचा, पुन्हा खाली उतरायचं, की सिपना नदीचं खोरं लागतं. तिथे सेमाडोह आहे. डिसेंबरात गेलात तर सागाची पानं जाड, खरखरीत झालेली दिसतात. नदीत गुडघाभर पाणी असतं आणि संध्याकाळी सातनंतर शेकोटीच्या तडतडीशिवाय काही ऐकू येत नाही. वनविभागाच्या संकुलात मुक्काम करून मी दोन हिवाळे या खोऱ्यात जलकीटकांचे नमुने गोळा केले. सोबत येणारे कोरकू दादा एकदा सहज म्हणाले, "ताई, तुम्ही पाणी उतरल्यावरच येता. नदी पाहायची तर श्रावणात या."

मी हसून सोडून दिलं. काही महिन्यांनी पहिल्या प्रगती सादरीकरणात एका परीक्षकांनी माझा तक्ता दोन मिनिटं न्याहाळला आणि विचारलं, "शीर्षकात 'वार्षिक बदल' लिहिलंय. यात जून ते ऑक्टोबर कुठे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या महिन्यांत रस्ता खचतो, नाल्याला पूर असतो, मुक्कामाची सोय होत नाही, ही कारणं खरी होती. पण ती शीर्षकात लिहिलेली नव्हती. त्या प्रश्नाचा माग काढताना लक्षात आलं, की ही चूक माझ्या एकटीची नाही. सातपुड्याबद्दल छापलेलं जे जुनं ज्ञान आपण संदर्भ म्हणून वापरतो, त्याचा मोठा भाग तंबूत लिहिला गेला आहे, आणि तंबू ठराविक महिन्यांतच लागत होता. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा इतिहास आधीच वाचा. माझ्यासारखं सभेत उभं राहून वाचायची वेळ येऊ नये.

तंबूचं कॅलेंडर

इंग्रजी राजवटीत जिल्ह्याचा अधिकारी वर्षातले काही महिने कचेरीत बसत नसे, दौऱ्यावर असे. पाऊस सरला, वाटा वाळल्या, बैलगाड्या चालू लागल्या की तंबू निघत. शेतसारा, मोजणी, जंगलाची पाहणी, खटले, सगळं मुक्कामाच्या जागीच चाले. बड्या साहेबाकडे तंबूंचे दोन संच असत. एकात तो झोपलेला असताना दुसरा रातोरात पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहत असे. उन्हाळा तापला की कचेरीचे लोक परतत, शिकारी आणि जंगलखात्याचे लोक आणखी थोडे थांबत. जूनमध्ये पाऊस लागला की सगळेच बाहेर.

भूशास्त्रज्ञांचंही तसंच होतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं कोरड्या महिन्यांत रानात असत आणि पावसाळ्यात मुख्यालयात बसून अहवाल लिहीत. या खात्याचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. तिथल्या कोणालाही विचारा, वर्षाच्या कामाच्या आराखड्याला आजही 'फिल्ड सीझन' हाच शब्द आहे.

पावसाची आणि चिखलाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती तापाची होती. पाऊस ओसरल्यावर सातपुड्याच्या दऱ्यांत हिवताप उसळत असे. जंगलातली दूषित हवा तो आणते, असा त्या काळचा समज. हिवतापाचा आणि डासाचा संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला दाखवला तो 1897 साली. म्हणजे त्याआधीच्या अधिकाऱ्यांचं कारण चुकलेलं होतं, पण कॅलेंडर बरोबर होतं. नोव्हेंबर अर्धा उलटल्याशिवाय दरीत तंबू लावू नये, हा अनुभवाचा नियम होता. आपण सेमाडोहला ज्या शांत, कोरड्या, थंड दिवसांत जातो, ते याच कॅलेंडरचे दिवस.

सप्टेंबर 1863

हे कॅलेंडर मोडलं तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण नागपूरच्या अगदी जवळचं आहे.

हिस्लॉप कॉलेजमुळे स्टीफन हिस्लॉप हे नाव तुम्हाला माहीत असेल. हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपूरला आला. शाळा चालवता चालवता त्याने रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म गोळा केले. टाकळीचे जीवाश्म जगापुढे आले ते या दोघांमुळे. गोंडांच्या चालीरीती आणि गाणी यांचीही त्याने टिपणं ठेवली होती.

सप्टेंबर 1863 मध्ये तो मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेला. टाकळघाट म्हणजे आजच्या बुटीबोरीच्या बाजूला. 4 सप्टेंबरला संध्याकाळी तो घोड्यावरून एकटा मुक्कामाकडे परतत होता. वाटेतला नाला पावसाने फुगला होता. त्यात हिस्लॉप बुडाला. वय पुरतं पन्नासही नव्हतं. त्याची टिपणं टेंपल यांनी संपादित करून 1866 मध्ये छापली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

मी हे धाडसाची गोष्ट म्हणून सांगत नाही. पावसाळ्यात न जाणाऱ्या माणसाला आळशी म्हणणं किती सोपं आहे आणि किती चूक, हे यातून कळतं. डेटातली काही भगदाडं जीव वाचवण्यासाठी पडलेली असतात. फक्त तिथे भगदाड आहे, हे लिहून ठेवायला लागतं.

जानेवारीत दिसलेलं जंगल

नोव्हेंबर 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. 1862 च्या जानेवारीत कॅप्टन जेम्स फोरसाइथ पचमढीच्या पठारावर पोचला आणि त्याच वर्षी तिथे 'बायसन लॉज' उभं राहिलं. ते अजूनही आहे. सातपुड्याच्या या भागावरचं त्याचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक 1871 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच प्रसिद्ध झालं. मध्य भारताच्या जंगलावर लिहिणारा कोणीही आजही या पुस्तकापाशी एकदा थांबतोच.

आता हे पुस्तक काय किंवा त्या काळचे जंगलखात्याचे अहवाल काय, ते वाचताना एक तक्ता बाजूला ठेवा. गोंड, कोरकू आणि बैगा डोंगरउतारावर दह्या पद्धतीची शेती करत. हिवाळ्यात आणि त्यानंतर झाडं तोडायची, ती उन्हात वाळू द्यायची, मे महिन्यात जाळायची, पाऊस आला की राखेत कोदो-कुटकी पेरायची. श्रावण-भाद्रपदात उतार हिरवा, दसरा-दिवाळीच्या सुमारास धान्य हाती. दोनतीन वर्षांनी ती जागा सोडून द्यायची, की तिथे पुन्हा रान उगवायचं.

याच्यावर दौऱ्याचं कॅलेंडर ठेवून पाहा. तंबूतल्या माणसाला काय दिसलं? कुऱ्हाड दिसली, पडलेली झाडं दिसली, उन्हाळ्यात थांबला असेल तर आग आणि राख दिसली. ज्या महिन्यांत त्या राखेत पीक उभं राहत होतं, त्या महिन्यांत तो तिथे नव्हता. पीक निघाल्यावर तो परत आला, तेव्हा पुन्हा कुऱ्हाड चालू होती.

अहवालांमध्ये ही शेती 'नासाडी' म्हणून येते, यात नवल नाही. 1865 मध्ये पहिला वन कायदा झाला. बोरीचं जंगल त्याच वर्षी राखीव झालं. देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांमध्ये त्याची गणना होते. पुढे दह्या शेतीला एकेका टापूत बंदी आली. ज्यांचं पोट तिच्यावर होतं, त्यांना जंगलखात्याच्या मजुरीवर किंवा खालच्या मैदानातल्या नांगरावर जावं लागलं.

इथे संशोधक म्हणून सावध राहा. "अधिकाऱ्यांनी पावसाळा पाहिला नाही म्हणून बंदी आली" असं मी म्हणत नाही. रेल्वेला स्लीपर हवे होते, सागाला किंमत होती, सरकारला महसूल हवा होता. ही कारणं जास्त वजनाची आहेत. माझं म्हणणं एवढंच, की निर्णयासाठी जो पुरावा समोर ठेवला गेला, तो वर्षाच्या एका बाजूचा होता, आणि त्याने किती तरी कुटुंबांचं जगणं बदललं. नमुन्यातली त्रुटी फक्त प्रबंधाचे गुण कमी करते, असं समजू नका.

रानपिंगळा आणि खोटी चिठ्ठी

मग जुन्या नोंदी फेकून द्यायच्या का? मुळीच नाही. याचं उत्तर एका छोट्या घुबडाने दिलं आहे.

डिसेंबर 1872 मध्ये एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याने मध्य प्रांताच्या पूर्वेकडे, आजच्या छत्तीसगडातल्या फुलझरजवळ, एक पिंगळा मिळवला. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूमने त्याचं वर्णन छापलं आणि पक्ष्याला ब्लेविटचं नाव दिलं. तोच आपला रानपिंगळा. 1877 मध्ये भूशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल याला खरियारला दुसरा मिळाला. 1880 च्या दशकात आयसीएस अधिकारी जेम्स डेव्हिडसनने पश्चिम खानदेशातून आणखी काही नमुने जमवले. त्यानंतर मात्र खात्रीची नोंद नाही. अपवाद एकच होता. 1914 साली गुजरातमधल्या मांडवीला मिळाल्याची चिठ्ठी लावलेला, रिचर्ड माइनर्त्झहागेन या नामवंत पक्षीसंग्राहकाचा नमुना.

सगळ्यात अलीकडची नोंद म्हणून पुढच्या शोधकांनी साहजिकच त्या भागाकडे लक्ष दिलं. पक्षी सापडला नाही. तो नामशेष झाला असावा, असं बोललं जाऊ लागलं.

1990 च्या दशकात माइनर्त्झहागेनचे इतर नमुने तपासताना त्याची लबाडी उघड होऊ लागली. संग्रहालयातले दुसऱ्यांचे पक्षी उचलून, त्यांना आपल्या नावाच्या, वेगळ्या ठिकाणाच्या चिठ्ठ्या त्याने लावल्या होत्या. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञेने रानपिंगळ्याचा 1914 चा नमुना तपासला. आतला कापूस, शिवण, एक्स-रेमध्ये दिसणारी मूळ बांधणी, हे सगळं डेव्हिडसनच्या हाताशी जुळत होतं. म्हणजे तो पक्षी खानदेशातलाच होता. त्याच्यावर दुसरी चिठ्ठी चिकटवून त्याला गुजरातला पाठवलं होतं.

ती एक नोंद बाजूला काढली की उरतात फक्त जुन्या प्रामाणिक चिठ्ठ्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी त्या हातात घेऊन शोध सुरू केला. आधी पूर्वेकडची ठिकाणं धुंडाळली, मग खानदेश. 25 नोव्हेंबर 1997 ला सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा उघड्या फांदीवर बसलेला दिसला. 1884 नंतर 113 वर्षांनी! पुढे तो मेळघाटात सापडला, यावलला सापडला, मुंबईजवळच्या तानशातही सापडला. तो कुठे गेलेलाच नव्हता.

या गोष्टीतून मी दोन गोष्टी वहीत लिहून ठेवल्या. जुन्या नोंदीतलं ठिकाण आणि तारीख खरी असेल, तर ती शतकानंतरही वाट दाखवते. आणि खोटी एकच नोंद कितीतरी मोहिमांना चुकीच्या दरीत पाठवते. तुमच्या नमुन्याच्या बाटलीवरची चिठ्ठी घाईत लिहू नका, एवढं तरी यातून घ्याच.

तंबू कोणी ठोकला?

जुन्या वर्णनांत खलाशी, हमाल, गाडीवान, वाटाड्या असतात, पण त्यांना बहुतेक वेळा नाव नसतं. साहेब गावाजवळ उतरला की लाकूड, दूध, कोंबडी, गवत पुरवणं आणि सामान वाहणं गावकऱ्यांच्या माथी येई. वेठ-बेगार म्हणतात ती हीच. कुमाऊंच्या डोंगरात या जाचाविरुद्ध 1921 च्या जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या जत्रेत, बागेश्वरला लोकांनी बेगारीच्या वह्या सरयू नदीत बुडवल्या. शांत दरीतल्या मुक्कामाचा खर्च कोणाच्या तरी खांद्यावर होता, हे त्या दिवशी सरकारी कागदावर आलं.

ज्ञानाचंही तेच. हिस्लॉपच्या टिपणांतलं लिंगोचं गाणं प्रधान गायकाच्या तोंडून आलं. नाव मात्र आपल्याला हिस्लॉपचं आठवतं. उलट उदाहरणही आपल्याच विदर्भातलं आहे. मारुती चितमपल्ली जंगलखात्यात नोकरी करत नवेगाव, नागझिरा, मेळघाट या रानांत राहिले आणि स्थानिक लोकांकडची पक्ष्यांची, झाडांची नावं त्यांनी मराठी वाचकापर्यंत आणली. पावसात रान कसं दिसतं हे त्यांच्या लेखनात येतं, कारण पावसात ते तिथे होते.

आजचा तंबू

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर भागात जुलै ते सप्टेंबर पर्यटन बंद असतं. वाघांच्या मोजणीसाठी कॅमेरे लावतात ते शक्यतो कोरड्या महिन्यांत. वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजायची आपल्याकडची जुनी पद्धत तर ऋतूवरच उभी आहे. पाणी थोड्याच जागी उरतं, म्हणून प्राणी तिथे येतात, म्हणून ते दिसतात. त्या रात्रीच्या आकड्यावरून श्रावणात कोणता प्राणी कुठे आहे, हे सांगता येणार नाही. पक्षीनिरीक्षणाच्या ॲपवरच्या याद्याही पाहा. सुटीचे दिवस, हिवाळा, रस्त्याकडेची ठिकाणं, असाच त्यांचा कल दिसेल.

यातली कोणतीही पद्धत चूक नाही. प्रत्येक पद्धत एका ठराविक प्रश्नाचं उत्तर देते. आपण त्या उत्तराला वर्षभराचं उत्तर म्हणून पुढे ढकलतो, तिथे चूक होते.

आणि पावसाळ्याचं महत्त्व किड्या-बेडकांपुरतं नाही. मेळघाटात जुनं धान्य संपून नवं हाती यायच्या आधीचे महिने, खचलेले रस्ते, साथीचे आजार, हे सगळं एकाच वेळी येतं. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे नागपूर सोडून बैरागडला कायमचे राहायला गेले. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आजारपण आणि भूक यांचं नातं त्यांना कळलं, याचं एक कारण मला साधं वाटतं. जुलैत ते तिथेच असतात. हिवाळ्यात येऊन फॉर्म भरून जाणाऱ्याला कदाचित सगळं ठीकठाक दिसलं असतं.

तुमच्या वहीसाठी

जुना संदर्भ हाती आला की मी आता आधी समासात चार प्रश्न लिहिते.

एक, लेखक तिथे कोणत्या महिन्यांत होता? प्रस्तावना, पत्रांच्या तारखा, नमुन्यांच्या चिठ्ठ्या यांतून हे बहुधा निघतं.

दोन, तो तिथे कशासाठी गेला होता? महसूल, साग, शिकार की खडक? डोळा तिकडेच जातो.

तीन, त्याला कोणी सांगितलं, कोणी वाट दाखवली? नाव नसेल तर "नाव दिलेलं नाही" असंच लिहा.

चार, "दिसलं नाही" असं तो म्हणतो, तेव्हा तो पाहायला गेला होता का?

मग हेच चार प्रश्न आपल्या स्वतःच्या तक्त्याला विचारा. शेवटचा सगळ्यात टोचतो.

माझं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. शीर्षकातला 'वार्षिक' हा शब्द आधी काढला. मग गाइडशी बोलून, रीतसर परवानगीत बदल करून घेऊन, पावसाळ्यातली नमुना-ठिकाणं कमी केली. पूर असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, हा नियम लेखी घातला. हिस्लॉपची गोष्ट वाचल्यावर तो घालताना कमीपणा वाटला नाही. तक्त्यात त्या दिवसांपुढे शून्य लिहिलेलं नाही, "पूर, नमुना घेतला नाही" असं लिहिलं आहे. शून्य आणि रिकामी जागा यांत फरक आहे, तो गाळू नका.

श्रावणात मी सेमाडोहला गेले. सिपना ओळखू येत नव्हती. लाल, गढूळ पाणी, काठावरच्या ज्या दगडांवर मी हिवाळ्यात ट्रे मांडत होते ते पाण्याखाली, आणि साग फुलोऱ्यावर. साग पावसाळ्यात फुलतो हे एमएस्सीत शिकले होते, पाहिलं तेव्हा पहिल्यांदा. दादा शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत. आभाराच्या पानावर त्यांचं नाव आधीपासून होतंच. आता पद्धतीच्या प्रकरणातही, त्यांना विचारून, टाकलं आहे.